तिसऱ्या अंकातलं रडणं

ज्या नाटकाचा जाणकार म्हणून मी सांगलीत मिरवलो, त्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात मी झोपलो होतो.

झोपलो म्हणजे नुसती डुलकी नव्हे. साताऱ्यात, लहानपणी, मामाच्या मांडीवर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून झोपलो होतो. त्या काळी संगीत नाटक रात्री उभं राही आणि कोंबडं आरवलं तरी नायिकेचे हाल संपत नसत. पहिल्या अंकात एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर पडले की दुसऱ्या अंकाला पोटात कावळे आणि तिसऱ्याला डोळ्यांत वाळू. मामाने गदागदा हलवून उठवलं तेव्हा लोक पागोटी सारखी करत पायताणं शोधत होते. मामा म्हणाला, "बघितलंस ना नीट? असा माणूस पुन्हा व्हायचा नाही." मामाला वाईट वाटू नये म्हणून मी "हो" म्हटलं. एवढंच.

तो माणूस पुन्हा झालाही नाही. नायिकेचं काम करणारा तो नट पुढच्याच साली वारला. कंपनी दुसरा नट घेऊन गावोगाव फिरली, सांगलीलाही आली, आणि मग बोलपटांचे दिवस आले तशी मोडली. म्हणजे साताऱ्याने मूळ नायिका पाहिली होती आणि सांगलीने दुसरी. नाट्यवेड्या सांगलीला ही गोष्ट दातात अडकलेल्या सुपारीसारखी सलत होती, हे मला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी युद्धाच्या दिवसांत तिथल्या एका हळदीच्या अडतीवर कारकून म्हणून आलो तो फक्त पोटासाठी.

संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर मंडळी जमत. वर्तमानपत्र एकच येई, ते एकजण मोठ्याने वाची. लढाई, रॉकेल, धान्याचं रेशन हे सगळं दहा मिनिटांत उरकून मंडळी नाटकावर येत. नाटक तेच. गोष्ट साधी होती. नवरा बायकोला टाकून परागंदा होतो आणि बारा वर्षांनी परत येतो. ओळख न देता दारात उभा राहून पाणी मागतो. ती आत जाते, तांब्या आणून देते आणि पद म्हणते. छापील पुस्तकात कंसात 'तांब्या देते' एवढंच. ती त्याला ओळखते की नाही, ओळखते तर कधी, रडते की नाही, याबद्दल नाटककाराने अक्षर लिहिलेलं नव्हतं. तोही वारला होता. त्यामुळे वादाला अडवणारं कोणी उरलं नव्हतं.

एका बाजूला शाळेचे मास्तर. त्यांचं म्हणणं, तिने रडलंच पाहिजे. बारा वर्षांचं पाणी डोळ्यांत साठलेलं असतं. दुसऱ्या बाजूला वकिली सोडलेले एक वकील. त्यांचं म्हणणं, मास्तरांनी पाहिलेला प्रयोग हा अस्सल नव्हे, नक्कल; मूळ नायिका कशी होती ते कळल्याशिवाय निकाल देता येत नाही. माझे शेठही कधी कधी येऊन बसत. त्यांनी एकदाच तोंड उघडलं होतं. "तांब्या रिकामा असला तर?" असं त्यांनी विचारलं, आणि त्या प्रश्नावर पुढचे चार दिवस गेले.

मी नवखा. कोणीतरी विचारलं, "आपण कुठले?" मी म्हटलं, "साताऱ्याचा."

सगळा ओटा माझ्याकडे वळला. वकिलांनी चष्मा पुसला. "साताऱ्याला कंपनीचा मूळ संच आला होता. तुम्ही तेव्हा—"

"होतो ना," मी म्हटलं. "पाहिलंय."

"तिसरा अंक?"

मागे चहा उकळत होता. जाणकाराला पहिला कप मिळतो हे मी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. शिवाय त्या दिवशी दुकानात हळदीला पॉलिश चाललं होतं. पिंपातून उडणाऱ्या धुळीने सकाळपासून माझ्या डोळ्यांना पाण्याची धार लागली होती. रडण्याचा मला मनापासून कंटाळा आला होता. म्हणून मी म्हटलं, "रडत नव्हता. डोळे कोरडे ठाक. तांब्या पुढे केला तेव्हा हात एवढासुद्धा हलला नाही. पाण्याचा थेंब सांडला नाही."

"अहाहा!" वकील म्हणाले. "बसा, बसा. चहा आणा रे सातारकरांना!"

तिथून मी सातारकर झालो. सांगलीत माझं खरं आडनाव कोणाला माहीत होतं की नाही, मला आजही शंका आहे. चहाबरोबर भडंग येऊ लागलं. रोज थोडी भर घालावी लागे. कधी त्या नटाची मान, कधी पदर, कधी त्याने उंबऱ्याच्या कुठल्या बाजूला पाय ठेवला. मी कधी उजवा म्हणे, कधी डावा. कोरड्या पक्षाने त्यातूनही अर्थ काढला की मूळ नट दर प्रयोगाला पाय बदलत असे, एवढा तो मोठा होता. मला वाटलं होतं आठवडाभरात विषय संपेल. पावसाळा आला तरी संपला नाही. घरी जाताना त्या नायिकेचा मला इतका वीट आलेला असे की वाटे, बाईने एकदाचं नवऱ्याला पाणी द्यावं आणि सगळ्यांना झोपू द्यावं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय, तो माणूस.

गावातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मूळचे इस्लामपूरकडचे, शेतकरी घरातले. वय पंचेचाळीसच्या आसपास, पुढचा एक दात गेलेला. सांगलीच्या हौशी मंडळात वर्षानुवर्षं हीच नायिका ते करत. रंगमंचावर भाषा अशी शुद्ध की शास्त्रीबुवांनी ऐकत राहावं, आणि खाली उतरले की परत गावचे. तिसऱ्या अंकात ते रडत, आणि त्यांच्याबरोबर बायकांची अख्खी बाजू रडे. पद संपलं की वन्समोअर, मग परत रडणं. बायका म्हणत, वर्षभराचं तिथे मोकळं होतं. पण मंडळाने ठरवलं होतं की पुढच्या वर्षीपासून बायकांची कामं बायकाच करणार. गायनमास्तरांच्या मुलीचं नावही पक्कं झालं होतं. कंपाउंडरांनी कुरकुर केली नाही. गणेशोत्सवातला यंदाचा खेळ त्यांचा शेवटचा होता.

एक दिवस ते मला दुकानात येऊन भेटले. पोत्यांच्या थप्पीआड घेऊन गेले.

"आवं सातारकर, एक इचारू? खरं सांगा हं. त्यो मूळ मानूस रडत न्हवता?"

इथे सांगून टाकायचं होतं. पण पलीकडे वकिलांचा पुतण्या हळद घ्यायला आला होता.

"नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मला रडायसाठी काय करावं लागत न्हाई. तांब्या हातात आला की येतंय. कुठनं येतंय ते मी कवा इचारलं न्हाई. पर मूळ जर तसं नसंल, तर ह्यो शेवटचा खेळ मुळावानी करायचा. माजा शेवटचा शालू हाय. त्यो खोटा नको."

तालमी सुरू झाल्या. मला 'मूळ प्रयोगाचा माहीतगार' म्हणून खुर्ची मिळाली. तांब्या हातात घेतला की कंपाउंडरांचे डोळे भरत आणि कोपऱ्यातून वकील ओरडत, "कोरडे! कोरडे!" शेवटी कंपाउंडरांनी स्वतःच युक्ती शोधली. मला अभिमानाने सांगितली. "तांब्या घेतला की मनात दवाखान्यातल्या बाटल्या आनतो. वरल्या फळीवर खोकल्याची, मग तापाची, मग पोटाची. बघा, पानी येत न्हाई." खरंच येईना. वकिलांना भरून आलं. माझं जेवण त्या दिवसांत बऱ्याचदा कंपाउंडरांच्या घरी होई. त्यांची बायको ताट वाढून पुढ्यात ठेवी आणि एक शब्द बोलत नसे.

खेळ आठवड्यावर आला तेव्हा मात्र माझ्याच्याने राहवेना. हा माझा चांगुलपणा नव्हता. मी दमलो होतो. रोज नवीन आठवण तयार करायला लागणारी अक्कल संपली होती. एका संध्याकाळी ओट्यावर मी म्हटलं, "मंडळी, मी त्या तिसऱ्या अंकात झोपलो होतो."

वकील मोठ्याने हसले. "सातारकर, विनयाला मर्यादा असावी."

"विनय नाही हो. खरंच झोपलो होतो. मामाच्या मांडीवर."

मास्तर ताडकन उभे राहिले. आता ते मला मिठी मारणार असं मला वाटलं. ते म्हणाले, "ही नवी चाल दिसतेय वकिलांची! उद्या हरायची वेळ आली तर साक्षीदार झोपला होता म्हणून मोकळे! ते काही नाही. तुम्ही पाहिलंत, आणि चुकीचं पाहिलंत!"

"अहो मास्तर, मी पाहिलंच नाही!"

"असं कसं? चार महिने आम्ही कोणाशी वाद घातला मग?"

वकिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "समजा झोपला होतात. तरी काय बिघडलं? तुम्ही सांगितलेली नायिका या बाईला शोभते. मूळ नट तशी करत नसेल तर मूळ नट चुकत होता. तुम्ही पाहिलं की नाही हा प्रश्न आता तुमचा राहिलेला नाही."

शेठ म्हणाले, "पण तांब्या भरलेला होता का?"

मी उठलो. त्या दिवशी चहा घेतला नाही, हे माझ्यापुरतं मोठंच.

तिथून मी थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. कंपाउंडर बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदाची पट्टी चिकटवत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. मामा, मांडी, हळदीची धूळ, चहा. ते पट्टी बोटाने दाबत राहिले. राग आला असता तर बरं झालं असतं.

"मग मूळ काय हुतं?" त्यांनी विचारलं.

"देवाला माहीत."

"तुमच्या मामास्नी ठावं असंल."

"मामा गेला."

"व्हय." पट्टी नीट बसवून त्यांनी वर पाहिलं. "मग मी आपलं रडू?"

इतकी वर्षं हा माणूस कोणालाही न विचारता रडत आला होता, आणि आता परवानगी माझ्याकडे मागत होता. मी म्हटलं, "रडा हो. पोटभर रडा. तुमचं तेच खरं."

त्यांनी कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलला. बाकावर एक म्हातारी खोकत बसली होती, तिच्याकडे पाठ केली आणि उंबऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. मी वाट पाहिली. बराच वेळ गेला. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि ओशाळल्यासारखे हसले.

"खोकल्याची बाटलीच दिसतीया बगा," ते म्हणाले. "हुईल. खेळाला हुईल."

खेळाच्या दिवशी मांडव भरून वाहत होता. रॉकेलच्या टंचाईने गॅसबत्त्या मोजक्या, म्हणून खेळ दिवेलागणीलाच सुरू केला होता आणि निम्मी पदं कापली होती. तिसऱ्या अंकातलं पद कापायची मात्र कोणाची छाती झाली नाही. कंपाउंडरांचा शेवटचा खेळ म्हणून बायकांच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या करून बाया आल्या होत्या. मी विंगेत उभा होतो. आता माझं तिथे काही काम नव्हतं, पण माहीतगाराला हाकलायचं कसं हे कोणाला सुचलं नसावं.

नवऱ्याने पाणी मागितलं. कंपाउंडर आत विंगेत आले, तांब्या घेतला. तिथे उभं असताना ते कोणाचीच भूमिका करत नव्हते. ओठ हलत होते. एकदा त्यांनी डोळे गच्च मिटले, उघडले. मग माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी आपले डोळे चोळून दाखवले, लहान मुलाला दाखवावं तसं. ते बाहेर गेले. तांब्या पुढे केला. हात हलला नाही. थेंब सांडला नाही.

बायकांची बाजू पदर हातात धरून बसली होती. पदर तसेच हातात राहिले. मागून एक बाई म्हणाली, "आज काय झालंय वं त्यास्नी? ताप हाय का?" पद सुरू झालं. आवाज चांगला लागला होता, एक सूर हलला नाही. पद संपलं. त्या पदाला वन्समोअर पडला नाही असं सांगलीत आजवर झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. नवऱ्याचं काम करणारा वन्समोअरची वाट बघत क्षणभर तांब्या तोंडाशी धरून थांबला, मग बिचारा पुढचं वाक्य बोलला.

पहिल्या रांगेत मात्र वकील ढसाढसा रडत होते. "हीच! हीच ती!" असं मोठ्याने म्हणत होते. शेजारी मास्तर कोरड्या डोळ्यांनी हाताची घडी घालून बसले होते.

पडदा पडल्यावर मी आत गेलो. कंपाउंडर खोबरेल तेलाने तोंडाचा रंग पुसत होते. शालूची निरी सुटून जमिनीवर लोळत होती.

"आलं न्हाई," ते म्हणाले. "लय बोलावलं. आलं न्हाई."

तेवढ्यात वकील हार घेऊन आत घुसले. त्यांनी तो त्यांच्या गळ्यात घातला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आज तुम्ही मूळ नायिकेच्या पुढे गेलात!" कंपाउंडरांनी हार सरळ केला आणि नमस्कार केला. दुसरं काय करणार?

ओट्यावर पुढे महिना दोन महिने तो खेळ पुरला. कोरड्या पक्षाने जाहीर केलं की हाच आता अस्सल प्रयोग, यापुढे हाच प्रमाण. ओल्या पक्षाने तोड काढली की कंपाउंडर त्या दिवशी आजारी होते, म्हणून तो प्रयोग धरायचाच नाही. आजारी नव्हते, असं मी सांगून पाहिलं. मास्तर म्हणाले, "तुम्ही झोपला असाल." माझं खरं तिथे एवढ्याच कामाला आलं. मग मी ओट्यावर जायचं सोडलं. तरी बाजारात, घाटावर, कोणी ना कोणी गाठून विचारी, "सातारकर, तुमचं मत काय?" मत म्हणून माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

कंपाउंडर दवाखान्यात जात, येत. डॉक्टरांच्या दारात भेटले तर "बरं हाय न्हवं?" एवढंच विचारत. मंडळाच्या खोलीकडे ते फिरकले नाहीत. शेवटी एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. ते गावाकडे गेले होते. त्यांची बायको अंगणात शालू वाळत घालत होती. मंडळाचा होता, धुऊन परत द्यायचा राहिला होता. दोरी उंच होती. मी हात लावायला पुढे झालो तर तिने शालू माझ्या बाजूने काढून घेतला.

"वहिनी," मी म्हटलं, "मी जे सांगितलं होतं ते खरं नव्हतं."

"ते मला ठावं हुतं."

"कधीपासून?"

"पयल्या ताटापासनं. आमच्या घरात भाजी अळणी असती, ह्यास्नी डाक्टरनं मीठ बंद केलंय. तुमी इतक्यांदा जेवलात. दर टायमाला म्हनायचा, झकास झालीय. तवाच म्हटलं, ह्या मानसाला जिभंला चव कळत न्हाई, न्हायतर खरं बोलता येत न्हाई."

"मग त्यांना सांगायचं होतंत!"

"मी कशी सांगनार? मी काय साताऱ्यास्नं आलेय?"

तिने शालूची कड झटकली. जाताना काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हटलं, "मी मंडळात बोलतो, वहिनी. त्यांना आणखी एक खेळ द्यायला सांगतो."

"नगं. ते आता नाटकाचं नाव काढलं की उठून भाईर जात्यात." तिने चिमटा दातात धरला होता, तो काढून दोरीला लावला. "फुडल्या साली त्या गायनमास्तराची पोरगी उभी ऱ्हानार हाय न्हवं?"

"हो."

"मग एक करा. तिच्या तालमीला जाऊ नका, आन् तिला काय बी सांगू नका."